ओलीस पडलेला बातमीदार

ओलीस हा शब्द मराठी इतिहासाच्या वाचकास नवा नाहीं. १७९२ सालीं श्रीरंगपट्टणच्या तहान्वयें टिपूचे दोन मुलगे कॉर्नवॉलिसच्या स्वाधीन झाले, ते ओलीसच होते. पेशव्यांकडून हरिपंत फडके त्या मोहिमेंत असल्यामुळें तें प्रकरण आपल्याही इतिहासांतलें आहे. परंतु त्या जुन्या ओलिसांची एक रीत होती. ते कोणाजवळ आहेत, कशापायीं आहेत व काय केल्यानें सुटतील, हें उभय पक्षांस ठाऊक असे. १९८० नंतरच्या दशकांत बैरुत शहरीं हाच शब्द निराळ्या अर्थानें रूढ झाला. तेथें माणूस भर रस्त्यांतून नाहींसा होई. त्याला कोणीं नेलें हें एखाद्या अनोळखी संघटनेच्या पत्रकावरून कळे, आणि त्याचें मोल काय हें सरकारांसही नीट उमगत नसे.

अशा ओलिसांपैकीं एक फ्रेंच दूरचित्रवाणीचे बातमीदार फिलिप रोशो हे होत. त्यांचा जन्म १९४६ चा. आधीं नभोवाणीवर व पुढें दूरचित्रवाणीवर त्यांनीं काम केलें, आणि मध्यपूर्व हा त्यांचा विशेष विषय होऊन बसला. या धंद्याची एक गोष्ट येथें सांगणें अवश्य आहे. फ्रान्सचा नामांकित वृत्तपत्रकार आल्बेर लोंद्र, जो १९३२ सालीं एडनच्या आखातांत जहाजास आग लागून निवर्तला, तो वही नि पेन्सिल घेऊन एकटा जगभर हिंडूं शकला. रोशोंच्या काळच्या दूरचित्रवाणीच्या बातमीदारास तसें करतां येत नसे. चित्र घेणारा, ध्वनि टिपणारा, दिवे सांभाळणारा, असा लवाजमा बरोबर लागे. पडद्यावर मात्र तोंड दिसे एकाचेंच.

१९८६ च्या मार्चच्या आरंभीं रोशो अशाच तिघांसह बैरुतला होते. त्या वेळीं चार फ्रेंच माणसें तेथें आधींच कैदेंत होतीं: मार्सेल कार्तों व मार्सेल फोंतेन हे वकिलातींतले अधिकारी, झां-पॉल कॉफमान हे पत्रकार आणि मिशेल स्यूरा हे समाजशास्त्राचे अभ्यासक. ५ मार्च रोजीं स्यूरांना आपण ठार केल्याचें ‘इस्लामिक जिहाद’ या नांवाच्या संघटनेनें जाहीर केलें. लागलीच ८ मार्च रोजीं, शहराच्या दक्षिणेकडील वस्तींत हिजबुल्लाच्या मेळाव्याचें चित्रण करण्यास गेलेले रोशो, चित्र घेणारे जॉर्ज आन्सेन, ध्वनियंत्रज्ञ ऑरेल कॉर्नेआ व दिवे सांभाळणारे झां-लुई नॉर्मांदँ हे चौघेही पळविले गेले. फ्रान्समध्यें निवडणूक आठ दिवसांवर येऊन ठेपली होती.

यानंतर त्यांच्या ‘आंतेन २’ या वाहिनीनें जें केलें, त्याकरितांच आम्हीं हा विषय हातीं घेतला. रोज रात्रीं मुख्य बातम्यांच्या आरंभीं लेबनॉनमधील ओलिसांचीं नांवें व चेहरे दाखविण्याचा तिनें नेम केला. वाहिनी सरकारी मालकीची. आणि तिच्या या नेमानें मालकालाच दररोज अडचणींत टाकलें. लक्षावधि घरांतून जेवणाच्या वेळीं तींच नांवें ऐकूं येऊं लागलीं.

यावर आक्षेप निघाला तो पोकळ नव्हता. ज्याच्यासाठीं सारें राष्ट्र हळहळतें, त्याचें मोल पळविणारा वाढवितो, मग गुप्त वाटाघाटी कशा व्हाव्यात? शिवाय ओलीस हें निमित्त होतें. खरें भांडण इराणशीं होतें. इराण-इराक युद्धांत फ्रान्स इराकला शस्त्रें पुरवीत होता, आणि शहानें अणुइंधनाच्या कारखान्यासाठीं दिलेलें कर्ज इराणला परत हवें होतें. असे पेंच रोज नांवें वाचून सुटत नसतात. १९८६ च्या ७ जूनला इराणी विरोधी पुढारी मसूद रजवी यांना फ्रान्स सोडावें लागलें, आणि २० जूनला रोशो व आन्सेन सुटले. दोन तारखांमधील अंतर पाहून ज्यानें त्यानें काय तें समजावें.

तरीही आमचें मत त्या यादीच्या बाजूचें आहे, आणि त्याचें कारण उरलेल्या दोघांच्या हकीगतींत आहे. रोशोंचा चेहरा लोकांच्या ओळखीचा होता. त्याच वर्षीं त्यांना लोंद्रच्या नांवाचें पारितोषिकही मिळालें. कॉर्नेआ सुटले २४ डिसेंबरला. नॉर्मांदँ, ज्यांचें काम दुसऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पाडण्याचें, ते १९८७ च्या २७ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे वीस महिन्यांहून अधिक काळ, अंधारांत राहिले. एरवीं त्यांची आठवण किती घरांत राहिली असती? यादींत वकील, लेखक आणि दिवेवाला एका ओळींत उभे होते. कार्तों, फोंतेन व कॉफमान १९८८ च्या ४ मे रोजीं सुटले, तेव्हां ती यादी संपली. स्यूरांचे अवशेष मात्र २००५ सालीं हातीं लागले.

रोशोंनीं धंदा सोडला नाहीं. २००० पासून २००६ पर्यंत ते पेकिंगला ‘फ्रान्स २’ चे बातमीदार होते. सुटकेनंतर कीर्तीवर जगण्याऐवजीं दूरदेशीं जाऊन पुन्हां रोजचें काम करणें, हें आम्हांस त्यांच्या चरित्रांतलें विशेष वाटतें.

पुढें २००९ च्या ३० डिसेंबरला अफगाणिस्तानांतील कापिसा प्रांतांत ‘फ्रान्स ३’ चे एर्वे गेस्किएर व स्तेफान तापोनिए पळविले गेले, तेव्हां नेमका उलट मार्ग धरला गेला. कांहीं महिने त्यांचीं पूर्ण नांवेंही छापलीं नाहींत, आणि सरकारांतील वरिष्ठांनीं त्यांच्या अविचाराबद्दल व शोधाच्या खर्चाबद्दल उघड तक्रार केली. उत्तर देण्यास ते दोघे हजर नव्हते. नांवें प्रसिद्ध झाल्यावर सहकाऱ्यांनीं चळवळ उभारली. ५४७ दिवसांनीं, २०११ च्या २९ जूनला, ते सुटले. गेस्किएर यांनीं मागाहून पुस्तक लिहून अविचाराचा आरोप खोडून काढला. २०१७ सालीं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, ते वारले. त्यांच्याबरोबर तिघे अफगाण सोबतीही पळविले गेले होते. त्यांतला दुभाषा शेवटपर्यंत कैदेंत राहून त्यांच्यासमवेतच सुटला.