टाकून देण्यासाठीं घडविलेली नळी

खंडेनवमीस घरांतील जुनी तलवार किंवा कट्यार, तीही नसल्यास कोयता-विळा, पुसून पाटावर मांडावा व त्यावर फूल वाहावें, ही चाल आपल्याकडे पुष्कळ घरांतून अजून टिकून आहे. तिच्या मुळाशीं एक साधी समजूत आहे: शस्त्र हें माणसापेक्षां अधिक जगतें. तलवार बापाकडून मुलाकडे जाते. बंदुकीवर क्रमांक कोरलेला असतो व तो पलटणीच्या वहींत नोंदलेला असतो. विजापूरच्या मुलूखमैदान तोफेस तर माणसाप्रमाणें नांव आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र असें एक शस्त्र जन्मास आलें कीं, ज्याच्या आयुष्यांत दुसरा वापरच नाहीं. काखेंत किंवा खांद्यावर धरावें, एकदां झाडावें, आणि रिकामी नळी तेथेंच टाकून पुढें जावें किंवा मागें पळावें. रणगाडे फोडण्याच्या ह्या टाकाऊ नळ्या आज युरोप-अमेरिकेंतील हौशी लोक मोठ्या मायेनें जमवितात. जी वस्तु टाकण्यासाठींच घडविली, ती जपून ठेवणाराच्या हातीं नेमकें काय लागतें, हा प्रश्न मला इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाचा वाटतो. त्यासाठीं या नळ्यांच्या मूळपुरुषापर्यंत, म्हणजे जर्मनांच्या पान्झरफाउस्टपर्यंत, मागें जावें लागतें.

१९४१ च्या जूनमध्यें जर्मनीनें रशियावर स्वारी केली आणि टी-३४ या रशियन रणगाड्याशीं गांठ पडतांच जर्मन पायदळाच्या ध्यानांत आलें कीं, आपल्या लहान तोफांचे गोळे त्याच्या उतरत्या पत्र्यावरून घसरून जातात. मोठ्या तोफा प्रत्येक तुकडीस पुरविणें शक्य नव्हतें. मग शिपायानें सरपटत जाऊन रणगाड्यास सुरुंग चिकटवावा, असा उपाय निघाला. आणि जो एकट्यानें असा रणगाडा उडवील त्याच्या बाहीवर लावण्यासाठीं १९४२ सालीं एक खास चिन्हही काढण्यांत आलें. पदकें काढून असले प्रश्न सुटत नसतात. त्याच वर्षीं लाइप्झिग येथील हासाग या कंपनींत हाइनरिख लांगवाइलर या तंत्रज्ञाच्या देखरेखीखालीं निराळा विचार सुरू झाला, व १९४३ सालीं त्याचें फळ सैन्याच्या हातीं पडूं लागलें.

हें फळ दिसावयास अगदीं ओबडधोबड होतें. साध्या पोलादाची, दोन्ही तोंडें उघडीं असलेली एक नळी. तींत थोडी काळी दारू. आणि पुढच्या तोंडांत लांकडी दांड्यावर बसविलेलें स्फोटक डोकें. दांड्याभोंवतीं गुंडाळलेलीं पोलादी पातीं बाहेर पडतांच उलगडत व बाणाच्या पिसांचें काम करीत. दारू पेटली कीं डोकें पुढें जाई आणि आगीचा लोळ मागल्या तोंडांतून निघे. त्यामुळें झाडणाराला धक्का बसत नसे. पण मागें कोणी उभा असला तर त्याची धडगत नव्हती. म्हणून नळीवर तांबड्या अक्षरांत ‘सावधान! आगीचा झोत!’ अशी सूचना असे. काटेकोर भाषेंत हिला रॉकेट म्हणतां येत नाहीं. रॉकेट आपली दारू स्वतःबरोबर घेऊन निघतें, हिची दारू नळींतच राही. परंतु पुढें आलेल्या सर्व टाकाऊ रॉकेट-नळ्यांनीं कुळाचार हिचाच उचलला.

खरी करामत होती डोक्यांत. स्फोटक द्रव्याच्या पुढल्या बाजूस शंकूसारखी पोकळी ठेवून तिला धातूचें पातळ अस्तर दिलें, तर स्फोटाच्या क्षणीं तें अस्तर चेंगरून सुईसारखी धार बनतें व सेकंदास कित्येक किलोमीटर वेगानें पुढें झेपावतें. चार्ल्स मन्रो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें पोकळीचा हा गुण १८८८ सालींच पाहिला होता. तोफेचा गोळा पत्रा भेदतो तो आपल्या वेगाच्या बळावर. ही धार मात्र वेग आपल्या आपण निर्माण करते, मग डोकें कितीही सावकाश येऊन आदळेना. त्यामुळेंच पत्र्याच्या नळकांड्यास तोफेचें काम करतां आलें. मोठ्या नमुन्याच्या डोक्यास सुमारें २०० मिलिमीटर पोलाद भेदतां येई. टी-३४ च्या पुढल्या पत्र्याची जाडी होती ४५ मिलिमीटर.

येथें नांवाविषयीं थोडें विषयांतर करण्याचा मोह आवरत नाहीं. ‘पान्झर’ म्हणजे चिलखत, आणि म्हणून रणगाडाही. ‘फाउस्ट’ म्हणजे मूठ. परंतु जर्मन कानाला फाउस्ट म्हटलें कीं गटेच्या नाटकांतील तो विद्वान् आठवल्याशिवाय राहत नाहीं, ज्यानें ज्ञान व सुख यांच्यापायीं सैतानाशीं करार केला. या शस्त्राच्या पहिल्या, लहान नमुन्याला ‘ग्रेटखेन’ असें लाडकें नांव पडलें होतें. ग्रेटखेन ही त्या नाटकांतील साधीभोळी मुलगी. फाउस्ट तिच्यावर प्रेम करतो, तिला टाकून देतो, आणि तिचा शेवट तुरुंगांत होतो. हें नांव ठेवणाऱ्याच्या मनांत थट्टेपलीकडे कांहीं असेल असें मला वाटत नाहीं. तथापि एकदां वापरून फेंकून द्यावयाच्या वस्तूस त्या मुलीचें नांव मिळावें, यांत भाषेनें नकळत खरें बोलून टाकलें.

मोठ्या नमुन्याचा पल्ला प्रथम ३० मीटर होता. क्रिकेटच्या खेळपट्टीची दीडपट! पुढें ६० व १०० मीटरचे नमुने निघाले व तो आंकडाच त्यांच्या नांवास जोडला गेला. तरी नेम खात्रीनें लागावा तर रणगाडा अगदीं अंगावर येईपर्यंत थांबणें भाग असे. इतक्या जवळून रणगाड्याशीं लढणें म्हणजे काय, हें आपल्या देशालाही ठाऊक आहे. १२ जून १९४४ रोजीं मणिपुरांत निंगथौखाँगजवळ गुरखा पलटणीचा रायफलमन गंजू लामा जखमी हातानें सरपटत सुमारें ३० यार्डांवर गेला व त्यानें दोन जपानी रणगाडे फोडले. त्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचें पायट हें ब्रिटिश शस्त्र मात्र पुन्हां पुन्हां भरावयाचें होतें; चालविणारा शिकविलेला शिपाई होता, आणि लढाई संपल्यावर त्यानें व त्याच्या शस्त्रानें परत यावें अशी अपेक्षा होती. पान्झरफाउस्टच्या मागें ही अपेक्षा हळूहळू नाहींशी होत गेली.

कारण हें शस्त्र शिकण्यास सोपें होतें, आणि सोपेपणा हाच त्याचा शाप ठरला. फिनलंडच्या कसलेल्या सैन्यानें १९४४ च्या उन्हाळ्यांत जर्मनीकडून आलेल्या या नळ्या रशियनांविरुद्ध चांगल्या वापरल्या. अमेरिकन छत्रीसैनिकांनीं हस्तगत केलेल्या नळ्या उलट जर्मनांवरच झाडल्या. परंतु १८ ऑक्टोबर १९४४ रोजीं जर्मनींत फोल्क्सश्टुर्म नांवाच्या लोकसेनेची घोषणा झाली व १६ ते ६० वर्षांच्या, तोंपर्यंत सैन्यांत नसलेल्या पुरुषांना तींत ओढण्यांत आलें. त्यांना देण्यास बंदुका पुरेशा नव्हत्या, गणवेश नव्हते. नळ्या मात्र होत्या. १९४४ च्या अखेरीस त्यांचें उत्पादन महिन्यास दहा लाखांवर गेलें होतें. युद्ध संपेपर्यंत एकंदर साठ लाखांहून अधिक झालीं. सायकलीच्या पुढल्या भागास दोन नळ्या बांधून निघालेल्या पोरसवदा मुलांचीं छायाचित्रें प्रसिद्धच आहेत. म्हातारे आणि शाळकरी पोरें यांच्या हातीं एक-एक बार देऊन त्यांना चौकांत उभें करणाऱ्या राज्यानें, तो बार संपल्यानंतर त्यांनीं काय करावें, याचा विचार केलेला नव्हता. नळी टाकाऊ होती, तशीं तीं माणसेंही. बर्नहार्ड विकी या दिग्दर्शकाच्या १९५९ सालच्या ‘डी ब्रूके’ म्हणजे ‘पूल’ या चित्रपटांत सात शाळकरी मुलें एका निरुपयोगी पुलाचें रक्षण करतात. त्या काळाविषयींच्या कित्येक जाड ग्रंथांपेक्षां तो चित्रपट अधिक सांगून जातो.

जी गोष्ट झाडणाऱ्यांची, तीच बनविणाऱ्यांची. हासाग ही कंपनी मूळची दिव्यांची. १८६३ सालीं स्थापन झालेल्या या कारखान्यांतून रॉकेलचे दिवे व कंदील निघत. नाझी काळांत पाउल बुडिन या व्यवस्थापकाच्या हाताखालीं ती दारूगोळ्याकडे वळली आणि वेठीच्या मजुरांवर पोसली. लाइप्झिगमध्येंच १९४४ च्या जूनपासून बुखेनवाल्ड छळछावणीची एक शाखा कारखान्याजवळ उघडण्यांत आली, व तेथें पुढें सुमारें पांच हजार स्त्रिया कामास होत्या. श्लीबेन या गांवीं तर अशाच शाखेंतील कैद्यांकडून खुद्द पान्झरफाउस्ट बनवून घेत. ऑक्टोबर १९४४ मध्यें तेथें भयंकर स्फोट झाला व त्यांत अनेक कैदी मेले. कारखाना पुन्हां उभारण्यांत आला. कामही पुन्हां सुरू झालें. एप्रिल १९४५ मध्यें अमेरिकन सैन्य जवळ आलें तेव्हां बुडिननें कंपनीची मुख्य कचेरी सुरुंगानें उडविली व तींतच पत्नीसह मरण पत्करलें, असें मानतात.

युद्धानंतरचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. अमेरिकेनें १९६३ सालीं एम-७२ ही ६६ मिलिमीटरची नळी स्वीकारली. हिच्यांत एकांत एक सरकणाऱ्या दोन नळ्या असून, बंद असतां ती पाठीवर सहज बसते आणि वजन अवघें अडीच किलोच्या आसपास. रशियानें त्याच धर्तीवर पुढें आपली नळी काढली; स्वीडनची ८४ मिलिमीटरची एटी-४ ही अमेरिकन सैन्यानें १९८७ सालीं घेतली. एम-७२ ची कीर्ति संमिश्र आहे. व्हिएतनाममध्यें लांग व्हे येथील छावणीवर ७ फेब्रुवारी १९६८ च्या पहाटे रणगाडे चालून आले, तेव्हां कित्येक नळ्या ऐन वेळीं पेटल्याच नाहींत. असें असूनही २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर स्वारी केल्यावर नॉर्वेनें २,००० एम-७२ तिकडे धाडल्या. साठ वर्षांपूर्वींची टाकाऊ वस्तु अजून टाकवत नाहीं, असें दिसतें.

आतां संग्राहकांकडे वळतों. रणगाडा आपल्या वजनानेंच टिकतो. आपल्या अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरास, १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. तेथें १९६५ च्या युद्धांत पाडाव केलेला पॅटन लोक मुलांबाळांसह पाहून येतात. नळीचें तसें नाहीं. व्हिएतनाममध्यें तर रिकामी नळी शत्रूच्या हातीं लागून तिचा सुरुंग बनूं नये म्हणून ती मोडून टाकण्याची सैनिकांना ताकीद असे. म्हणजे आज जी नळी कोणाच्या कपाटांत शाबूत आहे, ती कोण्या शिपायाच्या आळसामुळें किंवा हुकूम मोडण्यामुळें वांचलेली असण्याचा संभव पुष्कळ. सैन्यानेंही आपला शब्द पाळला नाहीं: झाडलेल्या एम-७२ नळ्यांना आंत लहान नळी बसवून त्यांच्यावर नवशिक्यांना तालीम देण्यांत येई. अशा रिकाम्या नळ्या अमेरिकेंत जुन्या लष्करी मालाच्या बाजारांत विकावयास येतात. रंगाची छटा, छापील सूचनेची आवृत्ति, नेम धरण्याची पट्टी, झाडण्यापूर्वींच गळून पडणारें पुढलें झांकण, यांवर हे लोक तासन् तास वाद घालतात. या वादांना हंसणें सोपें आहे. परंतु आपल्याकडील नाणेसंग्राहक एका ठशाच्या बिंदूवरून याहून कमी वाद घालीत नाहींत, आणि त्या बिंदूवरूनच पुष्कळदां राजाचा काळ ठरतो.

धोका मात्र नाण्यांत नसतो. १४ डिसेंबर २०२२ रोजीं पोलंडची राजधानी वॉर्सा येथें राष्ट्रीय पोलीसदलाच्या मुख्य कचेरींत स्फोट झाला. पोलीसप्रमुखांना युक्रेनच्या भेटींत अशाच नळ्या नजराणा म्हणून मिळाल्या होत्या. त्या झाडून रिकाम्या झालेल्या आहेत अशी त्यांची समजूत होती. त्यांतील एक भरलेली निघाली. प्रमुख स्वतः किरकोळ जखमी झाले. जर्मनींत १९४५ नंतर रानांत टाकलेल्या पान्झरफाउस्टशीं खेळतांना मुलें जायबंदी झालीं व मेलीं, तीं कोणी प्रमुख नव्हतीं.

संग्राहकांचा छंद मला निंद्य वाटत नाहीं. माझी तक्रार निराळी आहे. जर्मन शस्त्रांवर कारखान्याचें नांव नसे. शत्रूला पत्ता लागूं नये म्हणून अक्षरांची सांकेतिक खूण उठविलेली असे. हासागच्या लाइप्झिग कारखान्याची खूण ‘डब्ल्यूए’, श्लीबेनची ‘डब्ल्यूके’. संग्राहक ही खूण भिंगाखालीं धरतो ती माल अस्सल कीं नक्कल हें ठरविण्यासाठीं व त्याची दुर्मिळता मोजण्यासाठीं. तिचा दुसरा अर्थ, म्हणजे हें कोणाच्या हातून, कोणत्या कुंपणाआड व कोणत्या महिन्यांत बनलें, तोही त्याच दोन अक्षरांत आहे. आणि जेथें कंपनीची कचेरीच उडविली गेली, तेथें असल्या खुणांना कागदपत्रांइतकी किंमत आहे. १९४८ सालीं लाइप्झिग येथें हासागच्या पोलंडमधील छावण्यांतील अत्याचारांबद्दल कंपनीच्या माणसांवर खटला चालला. कंपनीच्या जुन्या आवारांत वेठबिगारांचें स्मारक-संग्रहालय उघडावयास मात्र २००१ साल उजाडलें. तेथें वांचलेल्या स्त्रियांच्या हकीकती जमविल्या जातात, नांवें जुळविलीं जातात. संग्राहकांच्या खुणांच्या याद्यांत ‘डब्ल्यूके’ या अक्षरांपुढें कंपनीचें नांव असतें, आणि त्यापुढें ‘श्लीबेन’ एवढा एकच शब्द.