हेडफोन ध्वनिदोष (लिनक्स लॅपटॉप)

लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपला हेडफोन जोडल्यावर आवाज मुळीच न येणे, एकाच कानात येणे, हेडफोन जोडूनही स्पीकर वाजत राहणे किंवा आवाजात खरखर मिसळणे, या तक्रारींना एकत्रितपणे हेडफोन ध्वनिदोष असे म्हणता येईल. असा दोष आढळला की हेडफोन बिघडला किंवा लॅपटॉपचा जॅक निकामी झाला, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा यंत्र धडधाकट असते. ध्वनी वाटेत कुठेतरी अडलेला असतो. कुठे अडला आहे हे न पाहता लॅपटॉप दुरुस्तीला देणे महागात पडू शकते, कारण अनेक लॅपटॉपांत हा जॅक मदरबोर्डलाच डाक देऊन बसवलेला असतो.

== ध्वनीचा मार्ग ==

गाणे वाजवणाऱ्या अनुप्रयोगातून निघालेला ध्वनी प्रथम साउंड सर्व्हर नावाच्या मध्यस्थाकडे जातो. तेथून तो कर्नलमधील ‘अल्सा’ या ध्वनियंत्रणेकडे, तेथून कोडेक नावाच्या चिपकडे आणि अखेरीस जॅककडे पोहोचतो. यांपैकी जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर आवाज कमी-जास्त करण्याची व तो पूर्ण बंद करण्याची स्वतंत्र सोय आहे. गच्चीवरच्या टाकीपासून स्वयंपाकघरातील नळापर्यंत तीन-चार चाव्या असाव्यात आणि त्यांतली एक बंद राहिल्याने नळ कोरडा पडावा, तसाच हा प्रकार. पडद्यावरची आवाजाची पट्टी शंभरावर असूनही कानात शांतता असते, ती यामुळेच.

अल्साची सुरुवात यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये केली. २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स कर्नल २.६ पासून ती जुन्या ओएसएस यंत्रणेच्या जागी प्रमाण ठरली. तिच्यावर बसणारा साउंड सर्व्हर मात्र काळानुसार बदलला. लेनर्ट पोटरिंग यांनी २००४ मध्ये सुरू केलेला पल्सऑडिओ दीर्घकाळ सर्वत्र वापरात होता. पुढे विम टायमन्स यांनी घडवलेला पाइपवायर फेडोरा ३४ (२०२१) आणि उबुंटू २२.१० (२०२२) यांपासून त्याच्या जागी आला. हा इतिहास निरुपयोगी नाही. पल्सऑडिओ काढून टाका, पुन्हा बसवा, अमुक फाइलमध्ये तमुक ओळ लिहा, असे जुने सल्ले आजही वाचायला मिळतात. पाइपवायर असलेल्या लॅपटॉपवर त्यांतले अनेक लागू पडत नाहीत आणि काही तर चालू असलेला आवाजही घालवतात.

== प्राथमिक तपासणी ==

हेडफोन मोबाइलला किंवा रेडिओला लावून पाहावा आणि लॅपटॉपला दुसरा हेडफोन लावून पाहावा. दोष कोणत्या बाजूला आहे, हे एवढ्याने कळते. लॅपटॉपला जाड आवरण घातले असेल तर ३.५ मिलिमीटरची पिन पूर्ण आत जात नाही. ती शेवटचा ‘टक्’ आवाज होईपर्यंत दाबावी.

पेनड्राइव्हवरून दुसरे लिनक्स वितरण न बसवता, ‘लाइव्ह’ पद्धतीने, सुरू करून पाहणे ही चाचणी थोडी खटपटीची, पण सर्वांत निर्णायक आहे. तेथे आवाज आला तर जॅक, चिप आणि तारा शाबूत आहेत व दोष केवळ मांडणीचा आहे, हे सिद्ध होते. आवाज आला नाही तर मात्र यंत्र बिघडले आहे असे लगेच म्हणता येत नाही, कारण दोन्ही वितरणांत एकच उणीव असू शकते.

== निर्गम साधनाची निवड ==

बाहेरचा पडदा एचडीएमआय तारेने जोडलेला असला की कधी कधी सगळा ध्वनी तिकडे वळतो. सेटिंग्जमधील ध्वनीच्या पानावर निर्गम साधन म्हणून हेडफोनची निवड झाली आहे ना, हे पाहावे. अधिक बारकाईने पाहण्यासाठी ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ हा अनुप्रयोग उत्तम; नाव जुने असले तरी तो पाइपवायरवरही चालतो. त्यातील ‘प्लेबॅक’ या पानावर प्रत्येक अनुप्रयोगाची पट्टी वेगळी दिसते. गाणे चालू असताना तेथील दर्शक हलत असेल, तर ध्वनी निदान सर्व्हरपर्यंत आला आहे. ‘आउटपुट डिव्हाइसेस’ या पानावर हेडफोनच्या नावापुढे ‘अनप्लग्ड’ असे शब्द दिसत असतील आणि पिन तर आत असेल, तर संगणकाला पिनेचा पत्ताच लागलेला नाही, असे समजावे.

== अल्सामिक्सर ==

टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर ही आज्ञा (रोमन लिपीत, लहान अक्षरांत, सलग) दिली असता उभ्या पट्ट्यांचे एक पान उघडते. प्रथम दिसणारी पट्टी बहुधा साउंड सर्व्हरची असते. म्हणून एफ६ ही कळ दाबून खरे ध्वनिकार्ड निवडावे लागते. ही पायरी गाळल्यामुळे अनेकजण ‘येथे तर सगळे ठीक आहे’ असे म्हणून परततात.

कार्ड निवडल्यावर मास्टर, हेडफोन, स्पीकर अशा वेगवेगळ्या पट्ट्या दिसतात. पट्टीखाली ‘एमएम’ ही अक्षरे असतील तर ती वाहिनी मूक आहे. ‘ओओ’ असतील तर खुली आहे. एम ही कळ दाबली की एकातून दुसऱ्या स्थितीत जाता येते. मास्टर पूर्ण उघडा आणि हेडफोन मात्र मूक किंवा शून्यावर, ही स्थिती वारंवार आढळते. अल्साच्या मूळ रीतीप्रमाणे नव्या कार्डाच्या वाहिन्या मूक ठेवल्या जातात. वितरणे त्या बहुधा आपणहून उघडतात, पण एखादी राहून जाते.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. आवाज येत नाही म्हणून वापरकर्त्याने आधीच सगळ्या पट्ट्या वर नेलेल्या असतात आणि साउंड सर्व्हरची पट्टी तर शंभर टक्क्यांच्याही पुढे जाऊ शकते. अशा वेळी शेवटची मूक वाहिनी उघडली की पूर्ण ताकदीचा ध्वनी थेट कानावर आदळतो. म्हणून एम कळ दाबण्यापूर्वी हेडफोन कानावरून काढून ठेवावा, पट्ट्या खाली आणाव्यात आणि मग हळूहळू वाढवाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुरक्षित श्रवणाची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी सांगितली आहे. पातळी वाढली की सुरक्षित वेळ झपाट्याने घटतो.

त्याच पानावर बाणाच्या कळीने उजवीकडे सरकल्यास अनेक लॅपटॉपांत ‘ऑटो-म्यूट मोड’ ही नोंद सापडते. पिन आत गेली की स्पीकर आपोआप बंद करणे हे तिचे काम. ती बंद असेल तर हेडफोन जोडूनही स्पीकर वाजत राहू शकतात. ती चालू असून जॅकची ओळख अडकली असेल, तर हेडफोन काढल्यावरही स्पीकर मुके राहतात. बदल टिकवण्यासाठी प्रशासकाच्या अधिकाराने ‘अल्साकंट्रोल’चे (रोमन संक्षेपात ‘अल्साक्टल’) ‘स्टोअर’ हे कार्य चालवावे.

== जॅकची ओळख ==

बहुतेक लॅपटॉपांतील अंतर्गत ध्वनी इंटेलने २००४ मध्ये जाहीर केलेल्या ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ या प्रमाणावर आधारलेला असतो. कोडेकच्या कोणत्या टोकाला हेडफोन, कोणत्या टोकाला स्पीकर, ही माहिती लॅपटॉपचा निर्माता बायोसमध्ये नोंदवतो. ही नोंद काही वेळा चुकीची किंवा अपुरी असते. विंडोजसाठी निर्माता स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये ही चूक झाकून घेतो, त्यामुळे तेथे ती जाणवत नाही आणि दोष लिनक्सच्या माथी येतो. लिनक्स कर्नलमध्ये अशा लॅपटॉपांची नोंद करून प्रत्येकासाठी दुरुस्ती लिहिलेली असते. ही यादी सतत वाढत असल्यामुळे नव्या लॅपटॉपवर कर्नल अद्ययावत करणे हाच कित्येकदा पुरेसा उपाय ठरतो. तोवर थांबायचे नसेल तर ‘एचडीए जॅक रीटास्क’ या साधनाने एखाद्या टोकाचे काम बदलता येते. ते वापरताना मूळ स्थिती लिहून ठेवावी.

लॅपटॉपवर विंडोजही असेल तर आणखी एक साधी गोष्ट पाहावी. विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ करून लिनक्समध्ये आल्यास काही कोडेक आधीच्याच स्थितीत राहतात व हेडफोन मुका होतो. संगणक पूर्ण बंद करून, काही क्षण थांबून चालू केला की आवाज परत येतो. यासाठी विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद ठेवणे बरे.

साधनांच्या यादीत केवळ ‘डमी आउटपुट’ एवढेच दिसत असेल, तर प्रश्न हेडफोनचा नसून संपूर्ण ध्वनिकार्डच ओळखले गेलेले नाही. अलीकडच्या अनेक इंटेल लॅपटॉपांना ‘साउंड ओपन फर्मवेअर’ लागते. ते वेगळ्या पॅकेजातून बसवावे लागू शकते.

== पोकळ आवाज व खरखर ==

वाद्ये ऐकू येतात पण गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो, ही तक्रार प्रायः मायक्रोफोनसहित हेडफोनची असते. अशा पिनेवर चार धातूचे भाग असतात. सीटीआयए या मांडणीत टोकाकडून तिसरा भाग सामाईक तारेचा व चौथा मायक्रोफोनचा असतो. जुन्या ओएमटीपी मांडणीत हे दोन उलट असतात. मांडणी जुळली नाही की दोन्ही कानांत समान असलेला ध्वनी, म्हणजेच मुख्यतः गाणाऱ्याचा आवाज, परस्परांत वजा होतो. तारेवरचे बटण दाबून धरल्यावर आवाज नीट येत असेल तर निदान पक्के; अदलाबदल करणारी छोटी जोडतार लावली की काम होते.

आवाज सुरू होताना ‘टप्प’ असा ध्वनी येत असेल तर ती कोडेकची वीजबचत असते. चार्जर काढताच गुणगुण थांबत असेल तर दोष चार्जरचा किंवा घरातील अर्थिंगचा असू शकतो. संगणकाची मांडणी बदलून तो जाणार नाही.

== ब्लूटूथ हेडफोन ==

येथे जॅकचा प्रश्न नसला तरी ऑनलाइन वर्गात एकाएकी आवाज टेलिफोनसारखा होतो, तो प्रोफाइलमुळे. संगीतासाठीचे ‘एटूडीपी’ प्रोफाइल दर्जेदार, पण एकमार्गी आहे. अनुप्रयोगाने हेडफोनचा मायक्रोफोन मागताच संभाषणासाठीचे प्रोफाइल लागू होते आणि दर्जा घसरतो. मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचाच निवडला तर ही घसरण टळते.

== जॅक खरोखर तुटल्यास ==

वरील सर्व तपासण्यांनंतर पिन हलवल्यावरच आवाज येत-जात असेल, तर जॅक झिजलेला आहे. तरीही लॅपटॉप उघडणे हा एकच मार्ग नाही. यूएसबीला लावायचे बोटाएवढे ध्वनिकार्ड मिळते. त्यातील बहुतेक कार्डे प्रमाण यूएसबी ऑडिओ पद्धतीची असल्यामुळे लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर न बसवता चालतात. ते अल्सामिक्सरमध्ये एफ६ दाबल्यावर स्वतंत्र कार्ड म्हणून दिसते आणि सेटिंग्जमध्ये तेच निर्गम साधन म्हणून निवडावे लागते.