नदीकाठचा मुक्काम

नागपूरच्या ईशान्येस दहा मैलांवर कन्हान नदीच्या उजव्या तीरी कामठी हे शहर आहे. पेंच आणि कोलार या नद्या तिच्या जवळच कन्हानेस मिळतात. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, भोसल्यांचे बळ मोडले, आणि चार वर्षांनी, १८२१ साली, इंग्रजांनी आपल्या फौजेचा तळ या तीरावर दिला. 'कँप' या शब्दावरून कामठी हे नाव पडले असे पुष्कळांचे म्हणणे आहे. ते खरे असो वा नसो, हे शहर तंबूंच्या रांगांतून वाढले यात शंका नाही.

तथापि नदीकाठी डेरे देण्याची विद्या नागपूरकरांना इंग्रजांनी शिकविली असे मात्र कोणी समजू नये. मराठी फौजेत मुक्कामाची जागा निवडणे हे मानाचे आणि जोखमीचे काम असे. आघाडीस चालणारे बिनीवाले पुढे जाऊन जागा हेरीत आणि धन्याचा डेरा जेथे पडावयाचा तेथे निशाण रोवीत. त्या निशाणाच्या अनुरोधाने बाजार, पागा आणि पथके आपापल्या जागी उतरत. टॉमस ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ साली शिंद्यांच्या लष्कराबरोबर हिंडून ही व्यवस्था पाहिली व आपल्या पत्रांत लिहून ठेविली. सरदारास डेरा आणि कनाती, शिलेदारास राहुटी, आणि गरीब शिपायास दोन काठ्यांवर ताणलेले पाल किंवा नुसती घोंगडी, अशी ही उतरंड होती. पाणी मात्र सर्वांस एकाच नदीचे. म्हणून पिण्याचे पाणी वरच्या अंगास, जनावरांचे खालच्या अंगास, आणि नदी आटली असेल तर वाळूत झिरा खणून घ्यावयाचे, हे शहाणपण लहानथोर सर्वांस ठाऊक असे. पात्राच्या वाळूत, ती कितीही मऊ आणि स्वच्छ दिसो, जाणता मनुष्य बिछाना टाकीत नसे.

अशाच एका नदीकाठच्या मुक्कामाने नागपूरकर भोसल्यांचा घात केला. रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर १७४२ च्या पावसाळ्यात बंगालमध्ये भागीरथीच्या काठी काटवा येथे तळ देऊन राहिले. अजय आणि भागीरथी या दोन भरलेल्या नद्यांच्या आड आपण सुरक्षित आहो असा त्यांचा समज होता. तेथे त्यांनी दुर्गापूजेचा उत्सव मांडला. अलिवर्दीखानाने रातोरात नावांचा पूल बांधून सैन्य पार केले आणि नवमीच्या पहाटे, २७ सप्टेंबर रोजी, निजलेल्या तळावर छापा घातला. मराठे पंचेतच्या अरण्यातून निसटले. दीड वर्षाने, ३१ मार्च १७४४ रोजी, त्याच अलिवर्दीने मानकरा येथे तहाच्या बोलण्यासाठी डेरा उभारला, भास्करपंतांस व त्यांच्या वीसहून अधिक सरदारांस आत बोलाविले आणि तेथेच कापून काढले. हा विश्वासघातच होय. परंतु बंगालच्या रयतेने 'बर्गी' या नावाची जी धास्ती पिढ्यान् पिढ्या जतन केली, तिचा जन्मही या आमच्याच डेऱ्यांतून झाला, हे सांगितल्यावाचून इतिहास पुरा होत नाही.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, राज्य खालसा झाले, आणि तंबू लढाईकडून दौऱ्याकडे वळला. हिवाळा लागला म्हणजे साहेब कचेरी सोडून जिल्ह्यात निघे. त्याचे दोन तंबू असत. एकात तो निजे आणि दुसरा रात्रीच गाड्यांवर घालून पुढील गावच्या आमराईत उभा होई. पहाटे घोड्यावरून निघालेल्या साहेबाला तेथे चहा तयार मिळे. हे सुख कोणाच्या जिवावर चाले, ते मात्र दौऱ्याच्या वर्णनांत क्वचित आढळते. बैल, गाडी, गवत, सरपण आणि दूध ही सारी गावाकडून येत, आणि त्यांचा मोबदला गाडीवानाच्या हाती पडेपर्यंत पुष्कळदा वाटेतच झिरपून जाई. वेठ हा शब्द आपल्या खेड्यांतून उगाच राहिलेला नाही. त्याच काळात, १८६२ साली, कॅप्टन जेम्स फोर्साइथ सातपुड्यातील पचमढीच्या पठारावर जाऊन राहिले व तेथील अरण्यांचे सुरेख वर्णन त्यांनी लिहिले. पण त्यात शिकारीचा भाग मोठा आहे.

याच प्रदेशात, परंतु निराळ्याच हेतूने, तंबू घेऊन हिंडणारा एक मनुष्य होता. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडमधील डन्स गावचे. १८४५ च्या आरंभी ते नागपुरास आले आणि पुढील वर्षी त्यांनी शाळा काढली. धर्मप्रसार हे त्यांचे काम; त्याविषयी मतभेद असणारच. पण मुक्कामाच्या गावी उतरल्यावर हा मनुष्य नाल्याच्या दरडीपाशी हातोडी घेऊन बसे आणि संध्याकाळी गोंडांची भाषा व गाणी लिहून घेई, या गोष्टीचे मोल मतभेदाने कमी होत नाही. एका परधानाकडून त्यांनी लिंगोची कथा उतरवून घेतली. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपुराजवळ टाकळी येथे काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे अवशेष ओळखले. म्हणजे लाव्हारसाचे दोन लोट वाहून गेले, त्यांच्या दरम्यान येथे तळी भरली आणि त्यांत जीव नांदले! कन्हानकाठी सिलेवाड्याच्या वालुकाश्मात त्यांना पानांचे ठसे सापडले. दक्षिणेस मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन लंडनमध्ये प्रोफेसर ओवेन यांनी प्रसिद्ध केले.

दौऱ्याचा नियम हिवाळ्याचा; हिस्लॉप यांनी तो एकदा मोडला. १८६३ च्या सप्टेंबरात मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर ते नागपूरच्या दक्षिणेस वीसएक मैलांवर टाकळघाटाकडे गेले. तेथील रानात मोठमोठ्या शिळांची वर्तुळे आहेत. ती कोणाची, हे त्यांना पाहावयाचे होते. त्या मुलखाची जमीन काळी आणि तिच्याखाली अभेद्य पाषाण. पावसाळ्याच्या अखेरीस ती पाण्याने तुडुंब होते, अधिक थेंबही पीत नाही, आणि वर कोठे सर पडली की घटकाभरात ओढ्यास पूर येतो. सकाळी घोट्याइतके पाणी असलेला नाला सायंकाळी घोडा बुडवितो, हे तेथील गुराखीही सांगतो. ४ सप्टेंबर रोजी हिस्लॉप घोड्यावरून परतत होते. वाटेतील नाला फुगलेला होता. पलीकडे छावणी होती. त्या पाण्यात ते बुडाले. सेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास त्यांना अवघे चार दिवस उरले होते.

अठरा वर्षे या मुलखातील नद्यांचे थर वाचणाऱ्या माणसाला एका नाल्याचा अंदाज चुकावा, याचे आश्चर्य वाटते. पण दगडाचे ज्ञान निराळे आणि पाण्याचे निराळे. उतार दाखविण्यास गावचा कोतवाल बरोबर असता तर कदाचित तो म्हणाला असता, "साहेब, रात्र इथेच काढा."

त्यांचे कागद टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. लिंगोची कथा त्यामुळे वाचली. नागपुरात १८८३ साली त्यांच्या नावाचे कॉलेज निघाले. वर्तुळांचा प्रश्न मात्र शंभर वर्षे तसाच राहिला. १९६८-६९ साली नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट व खापा येथे उत्खनन केले, आणि पुढे माहुरझरी व नैकुंड येथेही कुदळ लागली. ही वर्तुळे दफनांची असून इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील, लोखंड वापरणाऱ्या लोकांची आहेत, असे ठरले. माहुरझरीस घोड्याच्या तोंडावर बांधावयाचे तांब्याचे अलंकार निघाले. पेंच नदीकाठी नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. हे लोक गुरे घेऊन हिंडणारे की गावे वसवून शेती करणारे, याविषयी पंडितांत वाद झाला. नैकुंडच्या जमिनीत त्यांच्या गोल झोपड्यांच्या खांबांचे खळगे तेवढे उरले आहेत, आणि तेही नदीपासून थोडे उंचावर.