मेहनत आणि विसावा : आखाड्यांचा जुना हिशेब

शरीराला मेहनत किती द्यावी, याचे जुने लेखी उत्तर वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आहे. स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवानानेही थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, एरवी त्याहून कमी, आणि नंतर सर्वांग मर्दून घ्यावे, असे तिथे सांगितले आहे. अर्धी शक्ती ओळखायची खूण सुश्रुतसंहितेत सापडते : श्वास तोंडावाटे येऊ लागला की थांबावे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने मानसोल्लासात मल्लांसाठी वजन उचलणे, चालणे, पोहणे, खांबावरची मेहनत असे वेगवेगळे श्रम नोंदवले.

महाराष्ट्रातील तालमींनी रोजची मेहनत कधी सोडली नाही. पहाटे हौद्यात लढत, संध्याकाळी जोर-बैठका, आणि मधल्या वेळेत खुराक, मालिश, झोप. हा मधला वेळ मेहनतीचाच भाग होता. नवख्या पोराचे अंग आंबले की वस्ताद त्याच्या बैठका कमी करी, पण त्याला घरी बसू देत नसे. विदर्भात या विद्येला संस्थेचे रूप आले ते अमरावतीत. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. बडोद्याच्या दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाच्या दहा खंडांत आखाड्यातली विद्या ग्रंथबद्ध केली.

प्रयोगशाळेचे उत्तर उशिरा आले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होणारी अंगदुखी स्नायूंच्या आतल्या बारीक इजेमुळे होते, असे थिओडोर हफ यांनी 1902 मध्ये मांडले. 1995 मधील एका कॅनडियन अभ्यासात, जड वजनाच्या व्यायामानंतर स्नायूतील प्रथिननिर्मिती चोवीस तासांनी दुपटीवर गेलेली आणि छत्तीस तासांपर्यंत जवळपास पूर्ववत झालेली दिसली. एका स्नायूगटाला आठवड्यातून एकदा व्यायाम देण्यापेक्षा दोनदा दिल्यास वाढ अधिक होते, असा निष्कर्ष 2016 च्या एकत्रित विश्लेषणातून निघाला. म्हणून त्याच स्नायूला पुन्हा जड काम देण्याआधी साधारण दोन दिवस जाऊ द्यावेत, असा सल्ला आज दिला जातो.

मग तालमीत रोजच्या बैठका कशा पचत? त्यात जड वजन नसून स्वतःच्याच शरीराचा भार असे, आणि सरावलेल्या स्नायूला त्याच कामाने पुन्हा तेवढी इजा होत नाही. रोजचे हलके काम आणि दोन दिवसांआडचे जड काम यांत विरोध नाही. गल्लत होते ती जड काम रोज केल्यावर.

ही गल्लत आता पोलीस भरतीच्या तयारीत होऊ शकते. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील सिहोऱ्यासारख्या धानपट्ट्यातील गावात आषाढ-श्रावणातली रोवणी हीच कंबर आणि मांड्यांची दिवसभराची मेहनत असते. त्यात भरतीसाठी पुरुषांना 1600 मीटर धाव, 100 मीटर धाव आणि गोळाफेक यांची चाचणी द्यावी लागते. रोवणीच्या दिवसांत पायांचा वेगळा जड सराव टाळून गोळाफेकीच्या तंत्रावर भर द्यावा. पूर्ण वेगाच्या धावा रोवणी आटोपल्यावर, दोन दिवसांआड घ्याव्यात.