जुनी चिठ्ठी, नवं दप्तर आणि मी बंद केलेलं एक दार

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण सुरुवात सातबाऱ्यापासून करतो. आपल्या तालुक्यात सगळ्या गोष्टी तिथूनच सुरू होतात.

गेल्या महिन्यात उतारा काढायला अक्कलकोटात एका सेवा केंद्राच्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढे सीमेकडच्या एका गावाचे अण्णा होते. सत्तरी ओलांडलेले, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलणारे. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली एक चिठ्ठी, त्यांच्या वडिलांच्या अक्षरातली. त्यावर सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि एक फेरफार नंबर.

केंद्रातला पोरगा म्हणाला, "अण्णा, गट नंबर सांगा. हा नंबर टाकला की दुसऱ्याचीच जमीन येतेय."

अण्णा म्हणाले, "आमच्या बापानं हाच नंबर लिहून ठेवलाय बाळ. जमीन हलली का काय?"

वडिलांच्या नावानंही शोधून झालं. त्यांचं नाव कधीच कमी झालेलं. पोराची चूक नव्हती, मागे रांग होती. अण्णा बाजूला झाले आणि चिठ्ठी पुन्हा पिशवीत ठेवू लागले. जमीन तिथंच होती, नोंदही सरकारात होती, फक्त अण्णांच्या हातातल्या नंबराला ती ओळखत नव्हती.

मला एकदम माझी नोकरी आठवली. मी बरीच वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काढली. आमच्या धंद्यातही अगदी हाच प्रश्न आला होता, आणि काही भल्या माणसांनी तो सोडवलाही होता. त्याचा इतिहास सांगतो.

आमच्या धंद्यातला फेरफार

सातबारा म्हणजे जमिनीची आजची स्थिती. ती स्थिती कशी आली ते गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारात असतं. कोणी विकली, कोण वारस लागलं, कधी आणि कशाच्या आधारे. प्रोग्रॅमचंही असंच आहे. आज चालतो तो प्रोग्रॅम म्हणजे सातबारा, आणि तो कोणी, कधी, का बदलला याची नोंदवही म्हणजे फेरफार. आम्ही तिला व्हर्जन कंट्रोल म्हणतो आणि सगळं मिळून जे दप्तर होतं त्याला रिपॉझिटरी.

अशी पहिली नोंदवही १९७२ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी केली, एससीसीएस. १९८२च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस केली. दोन्हींत एक अडचण होती. एकानं फाइल बदलायला घेतली की तिला कुलूप, दुसऱ्यानं वाट बघायची. तलाठ्याचं रजिस्टर एकाच टेबलावर असायचं, तसं.

१९८४-८५च्या सुमारास ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक डिक ग्रून दोन विद्यार्थ्यांबरोबर एका प्रोग्रॅमवर काम करत होते. तिघांच्या कामाच्या वेळा कधीच जुळेनात. म्हणून त्यांनी आरसीएसच्या वर एक व्यवस्था बसवली. प्रत्येकानं आपली प्रत घ्यायची, हवा तेव्हा बदल करायचा आणि नंतर सगळ्यांचे बदल एकत्र करायचे. हीच सीव्हीएस. १९८९मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी ती सी भाषेत नव्यानं लिहिली आणि पुढची दहा-पंधरा वर्षं जगभर तीच चालली. तिच्यात प्रत्येक फाइलला स्वतःचा नंबर असे, १.१, मग १.२, मग १.३. आमच्या पिढीच्या हातातली चिठ्ठी म्हणजे हे नंबर.

२००० साली सबव्हर्जनचं काम सुरू झालं, २००४मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. तिनं फाइलवार नंबर काढून सगळ्या दप्तराला एकच नंबर दिला.

आणि २००५च्या एप्रिलमध्ये मोठा फेरफार झाला. लिनक्सची मंडळी तेव्हा बिटकीपर नावाची खासगी कंपनीची व्यवस्था वापरत होती. कंपनीनं फुकट वापराची मुभा काढून घेतली. लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच नवी व्यवस्था लिहायला घेतली, गिट. गिटमध्ये १.१, १.२ असं काही नाही. प्रत्येक नोंदीचं नाव म्हणजे तिच्या मजकुरातून गणितानं निघालेली चाळीस अक्षरांची ओळ. मजकुरात काना-मात्रा बदलला तरी नाव बदलतं, त्यामुळे गुपचूप खाडाखोड करायला जागा उरत नाही. शिवाय दप्तराची पूर्ण प्रत प्रत्येकाकडे. व्यवस्था उत्तम होती, यात वादच नाही.

पण जगात हजारो कॉम्प्युटर असे होते ज्यांना सीव्हीएसशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. विंडोजवर तर सुरुवातीला गिट धड चालत नसे. दप्तर नवं आणि माणसं जुन्या चिठ्ठीवर, म्हणजे थेट आपल्या अण्णांची गत.

दोघांनी ठेवलेलं दार

२००६ साली मार्टिन लँगहॉफ आणि मार्टिन स्मिथ या दोघांनी एक प्रोग्रॅम लिहिला, गिट-सीव्हीएससर्व्हर. त्याच्या हक्काच्या ओळीत ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं नाव आहे. हा प्रोग्रॅम नव्या दप्तराच्या दारात बसतो आणि जुन्या माणसाशी जुन्या भाषेत बोलतो. आतलं दप्तर गिटचं असतं, पण समोरच्याला वाटतं आपण सीव्हीएसशीच बोलतोय.

जुना माणूस म्हणतो, "या फाइलची १.७ दे." गिटला १.७ माहीतच नाही. म्हणून हा दारवाला स्वतःजवळ एक तक्ता ठेवतो. कुठल्या फाइलचा कितवा नंबर म्हणजे गिटमधली कुठली चाळीस अक्षरी नोंद, याचा. आत नवी नोंद पडली की तक्ता पुढे लिहावा लागतो. तक्ता चुकला की जुन्या माणसाच्या हाती भलतीच प्रत जाणार.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. त्याच्या माहितीपत्रकात या दारातून काय होणार नाही ते स्वच्छ लिहिलंय. प्रत घ्या, बदल करा, जमा करा. नवी शाखा काढायची असेल, शाखा एकत्र करायच्या असतील, खुणेचा शिक्का मारायचा असेल तर मात्र नव्या पद्धतीनं या. आपल्याकडच्या किती योजनांच्या फलकावर "इथे हे काम होणार नाही" असं लिहिलेलं असतं?

नंतर गिटहबनंही असंच दार उघडलं. आपल्या गिटच्या दप्तरात सबव्हर्जनवाल्यांनाही येता येईल, असं त्यांनी १ एप्रिल २०१० रोजी जाहीर केलं. तारीख बघून लोकांना ती थट्टा वाटली, पण दार खरं निघालं आणि तेरा वर्षांहून जास्त उघडं राहिलं. ते बंद करायचं ठरलं तेव्हा २०२३च्या जानेवारीत तशी सूचना आली आणि ८ जानेवारी २०२४ला ते बंद झालं. मध्ये जवळजवळ वर्षाची मुदत.

ही मुदत का लागते ते मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

मी बंद केलेलं दार

आमची कंपनी साखर कारखान्यांना ऊस वाहतुकीच्या पावत्यांचं सॉफ्टवेअर देत असे. आम्ही सीव्हीएसवरून गिटवर गेलो. एका कारखान्यावरचा कॉम्प्युटर इतका जुना होता की त्यावर गिट बसेना. म्हणून आम्ही हेच दार उघडलं. रोज रात्री तो कॉम्प्युटर जुन्या भाषेत विचारायचा, "नवं काही आहे का?" आणि दारवाला द्यायचा. वर्षभर कोणाची तक्रार नाही.

मग मला वाटलं, आता हे दार कोण वापरतंय? त्या जुन्या पद्धतीत पासवर्ड जवळजवळ उघडाच जायचा, तो धोका होताच. मी ऑफिसात एक मेल टाकला, दोन दिवस वाट बघितली आणि दार बंद केलं. तिथं कोण येतंय याची यादी माझ्याच सर्व्हरवर होती, ती उघडून बघितली नाही.

त्या रात्री कारखान्यावरच्या कॉम्प्युटरनं विचारलं, उत्तर आलं नाही. तो थांबला नाही की ओरडलाही नाही. जुनी प्रत घेऊन काम करत राहिला. त्याच आठवड्यात वाहतुकीचे दर वाढले होते. नवे दर गिटमध्ये होते, पावत्या मात्र नऊ दिवस जुन्या दरानं निघाल्या.

चूक कोणी पकडली? आम्ही नाही, मॅनेजरनं नाही. एका बैलगाडीवाल्यानं. त्यानं दोन पावत्या शेजारी शेजारी धरल्या आणि काट्यावर विचारलं, "मालक, दर वाढला म्हणता, मग कागदावर का न्हाई?" फरकाची रक्कम नंतर सगळ्यांना मिळाली, हिशेबाला मी स्वतः तिथं चार दिवस बसलो. पण हंगामात नऊ दिवस कमी पैशात बाजार करणाऱ्या माणसाला "नंतर मिळेल" याचा उपयोग किती, हे मला त्या काट्यावर बसून कळलं. दार बंद करताना मी फक्त ऑफिसातल्यांना विचारलं होतं. दार वापरणारा ऑफिसात नव्हताच.

आता आपल्या तालुक्याकडे

हे दार प्रकरण आपल्याला नवीन नाही. १९४८ साली अक्कलकोट संस्थान विलीन झालं. संस्थानी काळातले कागद मोडीतले. पुढे सगळं देवनागरीत गेलं. वाचायला सोपं, छापायला सोपं, चांगलंच झालं. पण आज कोणाच्या घरी जुना मोडी कागद निघाला की मोडी वाचणारा शोधत फिरावं लागतं. तो वाचणारा माणूस म्हणजेच दारवाला. असे किती उरलेत आणि त्यांच्यानंतर कोण?

दुसरं, एकत्रीकरण. १९४७च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली ज्या गावांत एकत्रीकरण झालं तिथं सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना कुठला सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला याचा एकत्रीकरणाचा उतारा असतो. हाच तो तक्ता! दोन मार्टिननी २००६मध्ये जो तक्ता ठेवला, तो आपल्या भूमी अभिलेखवाल्यांनी कितीतरी आधी कागदावर करून ठेवलाय. फरक एवढाच, की तो दारात नाही, आत कपाटात आहे. ज्याला माहीत आहे तोच मागतो.

आणि एक चांगलं उदाहरणही सांगतो. सातबारा कॉम्प्युटरवर आला, २०१८पासून डिजिटल सहीचा मिळायला लागला, २०२०मध्ये त्याची रचना बदलली. एवढं होऊनही उताऱ्यावर जुने फेरफार क्रमांक ठेवलेले आहेत. कमी झालेली नावं आणि फिटलेले बोजे पुसून टाकलेले नाहीत, कंस करून वर आडवी रेष मारून दाखवतात. म्हणजे इतिहास शाबूत ठेवण्याची समज आपल्या महसूल खात्यात जुनी आहे. कमी आहे ती दारात बसून जुन्या नंबरचा नवा नंबर सांगणाऱ्याची.

काही जण म्हणतील, जुन्या लोकांसाठी किती दिवस थांबायचं? बरोबर आहे. दार कायम उघडं ठेवता येत नाही. त्याला खर्च येतो, राखणदार लागतो, आणि जुनं कुलूप कमजोर असतं हे मी वर सांगितलंच. मीही कायमचं दार मागत नाही. माझं म्हणणं एवढंच, की नवं दप्तर आणणाऱ्यानं तीन गोष्टी कराव्यात. जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता दारात लावावा. या दारातून काय होणार नाही ते लिहून ठेवावं. आणि दार बंद करायच्या आधी तिथं अजून कोण येतंय ते मोजावं, त्यांच्यापर्यंत तारीख पोचवावी. बंद झाल्यावर आलेल्याला निदान "बंद आहे, अमुक ठिकाणी जा" एवढं ऐकू यावं. गप्प राहणारं बंद दार सगळ्यात वाईट. माझ्या कारखान्यावर तेच झालं.

सोसायटीचं सॉफ्टवेअर बदलू दे, रेशनचं मशीन बदलू दे, पिकाची नोंद मोबाइलवर जाऊ दे, हाच हिशेब लागू.

अण्णांचं काय झालं, तेही सांगतो. रांगेतून बाहेर पडून आम्ही दोघं भूमी अभिलेख कार्यालयात गेलो आणि एकत्रीकरणाच्या उताऱ्यासाठी अर्ज केला. काही दिवसांनी उतारा मिळाला. वडिलांच्या चिठ्ठीतला नंबर एका गटात गेलेला निघाला आणि त्या गटाच्या सातबाऱ्यावर जुन्या फेरफारांच्या ओळीत चिठ्ठीतलाच फेरफार नंबर होता. अण्णांनी तो बोट ठेवून दोनदा वाचला. म्हणाले, "बापानं बरोबरच लिवलं होतं की." चिठ्ठी परत पिशवीत गेली. आता तिच्यासोबत गट नंबरही आहे.

एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत आपापल्या गावात एक साधी मागणी करा. ज्या गावात एकत्रीकरण झालंय तिथं जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. खर्च एका फ्लेक्सचा. वाढदिवसाचे एवढे लावतो, हा एक लावू.

तुमच्या घरी अशी जुनी चिठ्ठी असेल आणि नवं दप्तर तिला ओळखत नसेल, तर गावाचं नाव खाली कमेंटमध्ये लिहा. नंबर मात्र लिहू नका. गावांची यादी झाली की तालुक्याला एकत्र अर्ज देऊ.