तक्तापत्रकाची मुद्रणमांडणी

तक्तापत्रकाची मुद्रणमांडणी म्हणजे संगणकावर तयार केलेले तक्तापत्रक अथवा स्प्रेडशीट कागदावर सुवाच्य आणि प्रत्येक वेळी एकसारखे उमटावे, यासाठी करावयाची पूर्वतयारी होय. कागदाचा आकार, समास, मुद्रणक्षेत्र, प्रत्येक पानावर येणारी शीर्षओळ, पृष्ठखंड आणि पृष्ठक्रमांक हे तिचे मुख्य घटक आहेत. मायक्रोसॉफ्ट एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क इत्यादी प्रणालींमध्ये या सोयी थोड्याफार नावांच्या फरकाने आढळतात.

पार्श्वभूमी

तक्तापत्रकाला पानाच्या कडा नसतात. २००७ पासूनच्या एक्सेलमध्ये एका पत्रकात १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ स्तंभ मावतात. ए-४ कागद मात्र २१० × २९७ मिलिमीटरचाच असतो. मुद्रणाच्या बहुतेक अडचणी या विसंगतीतून उद्भवतात. हाताने लिहिल्या जाणाऱ्या रोजकीर्दीत हा प्रश्न नव्हता. तेथे पान आधी आखलेले असे आणि पान संपताच बेरीज 'पुढील पानावर' नेली जाई.

महाराष्ट्रातील शासकीय लेखनव्यवहार ठरावीक नमुन्यांवर उभा आहे. महसुलाचे गाव नमुने १ ते २१, तर ग्रामपंचायतीचे नमुने १ ते ३३ आहेत. नमुना क्रमांक सांगितला की कोणता मजकूर कोणत्या रकान्यात असेल, हे वाचणाऱ्यास ठाऊक असते. १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना हे अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी असताना त्यांनी कार्यालयीन कामकाजात आणि अभिलेखांच्या मांडणीत केलेल्या सुधारणा 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखल्या जातात. जतन करण्याच्या मुदतीनुसार अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग करून ते लावण्याची पद्धत राज्यातील कार्यालयांत परिचित आहे. छापलेले तक्तापत्रक अशा गठ्ठ्यात गेले की मूळ संगणकीय फाइलशी त्याचा संबंध तुटतो. म्हणून प्रत्येक पान एकटे हाती आले तरी ते कशाचे आहे, हे त्यावरूनच कळणे आवश्यक ठरते.

रुंदी आणि पानांचा क्रम

केडगावजवळच्या नेप्ती उपबाजारात कांद्याचे लिलाव होतात. अशा बाजारातील एका दिवसाच्या व्यवहारांची यादी उदाहरणादाखल घेता येईल. अनुक्रमांक, शेतकऱ्याचे नाव, गाव, गोण्या, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि निव्वळ रक्कम असे नऊ स्तंभ आणि १२० ओळी तीत आहेत असे मानू. एक्सेलचे मूळ समास (डावी-उजवीकडे प्रत्येकी ०.७ इंच) ठेवल्यास उभ्या ए-४ पानावर सुमारे १७४ मिलिमीटर, तर आडव्या पानावर सुमारे २६१ मिलिमीटर रुंदी मिळते. उभ्या पानात शेवटचे दोन स्तंभ मावले नाहीत, तर ते वेगळ्या पानांवर जातात. प्रणाली आधी वरून खाली आणि मग उजवीकडे छापत असल्याने प्रथम सर्व नावांची पाने निघतात आणि त्यानंतर सर्व रकमांची. ती पाने वेगळी झाली की कोणती रक्कम कोणाची, हे ओळी मोजूनच ठरवावे लागते. एक ओळ चुकली तर पुढील प्रत्येकाच्या नावापुढे शेजाऱ्याची रक्कम येते.

यावरचा उपाय म्हणजे पान आडवे करणे आणि रुंदी 'एक पान' अशी बांधून उंची मोकळी सोडणे. उंचीही एका पानात बसवण्याचा मोह टाळावा. ११ अंकी टंक ६० टक्क्यांवर आणल्यास तो सात अंकांहून लहान होतो आणि देवनागरीतील जोडाक्षरे व रफार कळेनासे होतात. त्यापेक्षा अनावश्यक स्तंभ लपवणे बरे.

आडवे पान उभ्या नस्तीत लावताना त्याची वरची कड शिवणीकडे जाते. त्यामुळे अशा पानाचा वरचा समास वाढवावा लागतो. ही गोष्ट बहुधा पंच मारून शीर्षक भोकात गेल्यावर लक्षात येते.

शीर्षओळ, तळटीप आणि बेरीज

दुसऱ्या पानापासून स्तंभांची नावे नाहीशी होणे हा सर्वांत सामान्य दोष आहे. एक्सेलमध्ये 'पेज लेआउट' विभागातील 'प्रिंट टायटल्स' या सोयीत वर पुन्हा यावयाच्या ओळी नोंदवल्यास त्या प्रत्येक पानावर छापल्या जातात. पडद्यावर शीर्षओळ गोठवण्याची सोय वेगळी असून तिचा मुद्रणाशी संबंध नाही. तळाशी यादीचे नाव, तारीख आणि 'पान २ पैकी १' अशा धर्तीचा क्रमांक ठेवला जातो. एकूण पानसंख्या दिल्याने शेवटचे पान गहाळ झाल्याचेही कळते. तारीख मात्र हाताने लिहिलेली बरी. आपोआप येणारी तारीख छपाईच्या दिवशी बदलते आणि जुन्या यादीची नवी प्रत नव्या दिवसाची भासते.

पानबेरीज या प्रणाली स्वतःहून देत नाहीत. ती हवी असल्यास पृष्ठखंड हाताने टाकून प्रत्येक खंडाखाली 'सबटोटल' सूत्र लिहितात. हे सूत्र आपल्या कक्षेतील इतर सबटोटल वगळत असल्याने अखेरच्या बेरजेत रक्कम दुप्पट होत नाही.

मराठी मजकुराच्या अडचणी

ओळीची उंची इंग्रजी टंकानुसार पक्की केलेली असल्यास वेलांट्या आणि उकार कापले जातात. ओळीची उंची आपोआप ठरू द्यावी. मात्र एकत्र केलेल्या घरांना हा नियम लागू पडत नाही, म्हणून यादीच्या मुख्य भागात घरे एकत्र करू नयेत. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेली फाइल तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांत उमटते. रकमेचा स्तंभ अरुंद असल्यास आकड्याऐवजी #### छापले जाते. लांब नाव मात्र शेजारचे घर भरलेले असल्यास गुपचूप कापले जाते, आणि म्हणून ते अधिक धोक्याचे आहे. लाख-कोटींचे स्वल्पविराम संगणकाच्या प्रादेशिक मांडणीवर अवलंबून असल्याने तीच रक्कम एका यंत्रावर १,२५,००० तर दुसऱ्यावर १२५,००० दिसू शकते.

एक्सेलमध्ये स्तंभाची रुंदी मूळ टंकातील अंकाच्या रुंदीवर मोजली जाते. टंक किंवा छपाईयंत्र बदलले की पृष्ठखंडही सरकतात. म्हणून फाइल झेरॉक्सच्या दुकानात नेण्यापूर्वी तिचे पीडीएफमध्ये रूपांतर करून पहिले, मधले आणि शेवटचे पान तपासण्याची पद्धत आहे.