शेवटच्या पानावरची नावं



परवा पुस्तकांचं कपाट आवरत होतो. (आवरत होतो म्हणजे काय, सूनबाई म्हणाल्या, "बाबा, यातलं अर्धं तरी रद्दीत देऊ," म्हणून आवरल्याचं नाटक करत होतो!) जुन्या पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्यात एक चोपडी सापडली. चौसष्ट पानं, पिवळा पडलेला कागद, पाठीला दोन गंजलेल्या पिना. 1992 साली आमच्या एका विद्यार्थ्यानं छापलेली. शेवटच्या पानावर बारीक टायपात नावांची यादी आहे. नावापुढे रक्कम. कुणाचे पाच रुपये, कुणाचे दहा. एका बाईच्या नावापुढे पैशाऐवजी 'एक पायली ज्वारी' असं लिहिलंय.

त्या यादीत माझं नाव नाही. का नाही, ते शेवटी सांगतो. ते सांगायचं धाडस यावं म्हणूनच आधी थोडा इतिहास सांगतो. मास्तरकीची खोड, दुसरं काय!

ज्यांच्या हाती छापखाना नव्हता, त्यांचं लिखाण आपल्याकडे छापून आलं ते बहुतेक वेळा वर्गणीवर. महात्मा फुल्यांपासून बघा. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी 1883 साली लिहून पूर्ण केला. सत्यशोधकांचंच पत्र असलेल्या 'दीनबंधू'नं त्याचे पहिले दोन भाग छापले आणि पुढचे छापायचं थांबवलं. परक्यानं दार लावलं तर समजू शकतो, इथे तर घरातल्यांनीच कडी घातली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग बाबासाहेब. 'मूकनायक'चा पहिला अंक 31 जानेवारी 1920 चा. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. पत्र निघणार याची जाहिरात 'केसरी'कडे पाठवली, तर पैसे देऊनही ती छापायला नकार मिळाला. 'मूकनायक' 1923 पर्यंत कसाबसा चालला. 3 एप्रिल 1927 ला 'बहिष्कृत भारत' सुरू झालं आणि 1929 मध्ये तेही बंद पडलं. रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्यानं लिहायचे, आणि वर वर्गणीसाठी वाचकांना विनवायचं. ज्यांच्यासाठी पत्र काढलं त्यांच्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं त्यांच्या खिशात काही नव्हतं. तरी गिरणीतल्या, गोदीतल्या माणसांनी आणे-दोन आणे दिले. आपल्या विदर्भातही नागपूरला किसन फागूजी बनसोडे यांनी पदरमोड करून छापखाना घातला आणि पत्रं चालवली.  त्यांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात मला कधी शिकवावं लागलं नाही, म्हणून मलाही ते फार उशिरा कळलं.

आता माझ्या काळात येतो. 1973 साली यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्ष गदिमा. मी नुकताच बी.ए. झालेला, मांडवात अगदी मागे बसून भाषण ऐकलं आणि धन्य झालो. त्याच्या आदल्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला होता. मला त्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मुलाची ही कथा! औरंगाबादहून डॉ. गंगाधर पानतावणे 'अस्मितादर्श' काढत होते, तेही माहीत नव्हतं. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात 1967 साली सुरू झालेलं हे त्रैमासिक त्यांनी जवळजवळ पाच दशकं चालवलं, वर्गणीदारांच्या जिवावर. नुसतं छापलं नाही, तर लेखक-वाचकांचे मेळावे घेतले. खेड्यातला पोरगा तिथे उभा राहून कविता वाचायचा आणि पुढच्या अंकात ती छापून यायची.

त्याच सुमारास, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, मुंबईत 'ग्रंथाली' सुरू झाली. दिनकर गांगल, अशोक जैन, कुमार केतकर आणि आपल्या परतवाड्याचे अरुण साधू वगैरे मंडळी. बहुतेक वर्तमानपत्रांत काम करणारी. त्यांनी स्वतःला प्रकाशन संस्था म्हटलं नाही, 'वाचक चळवळ' म्हटलं. कल्पना साधी होती. वाचकांनी आधी वर्गणी भरून सभासद व्हायचं, त्या पैशातून पुस्तक छापायचं आणि सभासदाला ते स्वस्तात द्यायचं. पुस्तक खपेल की नाही हा घोर प्रकाशकाला असतो, म्हणून तो नवख्याला आणि त्यातही गावकुसाबाहेरच्या नवख्याला हात लावत नाही. इथे गिऱ्हाईक आधीच ठरलेलं, तेव्हा घोर वाटून घेतला जायचा. गावोगावी ओळखीचा एखादा मास्तर, बँकेतला कारकून, एलआयसीतला माणूस सभासद गोळा करायचा.

1978 साली दया पवारांचं 'बलुतं' ग्रंथालीनं काढलं. 1980 साली लक्ष्मण माने यांचं 'उपरा'. कैकाडी समाजातला, गाढवावर बिऱ्हाड लादून हिंडणाऱ्या घरातला मुलगा आपली गोष्ट आपल्या बोलीत लिहितो आणि 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळतो! पुढे 1994 साली किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' आलं. तेही ग्रंथालीचंच.

मी तेव्हा दिग्रसकडच्या एका गावी हायस्कूलला मराठी शिकवत होतो. सहकारी शिक्षकानं मला सभासद करून घेतलं. खरं सांगतो, साहित्यसेवा वगैरे मनात नव्हती, पुस्तक स्वस्तात मिळतं एवढंच होतं. पार्सल पोस्टात यायचं, पोस्टमन मधल्या सुट्टीत आणून द्यायचा. 'उपरा' मी एका रात्रीत वाचलं. सकाळी शाळेत गेलो तेव्हा टेबलावर निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा होता. वरचीच वही तांड्यावरून येणाऱ्या एका मुलाची. विषय 'माझी आई'. आदल्या दिवशी मीच ती तपासली होती. पानभर लाल शाई! 'याडी' खोडून 'आई', जिथे जिथे त्याच्या घरातला शब्द होता तिथे तिथे रेघ. खाली शेरा: 'भाषा अशुद्ध.' दहापैकी तीन.

ज्या भाषेसाठी लक्ष्मण मान्यांना दिल्लीत पुरस्कार मिळतो, त्याच जातीच्या भाषेसाठी मी पोराला तीन मार्क दिले होते.

तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून मी बदललो. नाही हो. थोडा ओशाळलो आणि पुन्हा तसाच वागू लागलो. परीक्षा बोर्डाची, पेपर तपासणारे दुसरे, मुलाचं नुकसान होईल, अशी कारणं होतीच की. त्यातली काही खरीही होती.

तोच मुलगा 1992 साली माझ्या घरी आला. डी.एड. होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत लागला होता. पिशवीत वहीची पानं. तांड्यावरचं जगणं, ऊसतोडीला गेलेलं घर, आईनं वेचणीच्या हंगामात घेतलेली उचल आणि ती फेडताना गेलेली तिची वर्षं, सगळं लिहून काढलं होतं. म्हणाला, "गुर्जी, एवढं तपासून द्या. आन् छापाले थोडे पैसे गोळा करून राह्यलो, तुमचं नाव लिवू का?"

मी काय म्हणालो असेन? "अरे बाबा, छापून वाचणार कोण? आधी मासिकाकडे पाठव, त्यांनी छापलं तर मग बघू." आणि पैसे दिले नाहीत. पानं मात्र ठेवून घेतली, आठवडाभर खपून शुद्ध करून दिली. लाल शाईनं!

त्यानं ती पानं नेली. दारव्ह्याच्या एका छोट्या छापखान्यात खिळे जुळवून घेतले. तांड्यातांड्यावर फिरून वर्गणी केली. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत सतरंजी टाकून चोपड्या विकल्या. एक मला आणून दिली. मी उघडून पाहिली. माझी एकही दुरुस्ती त्यानं घेतली नव्हती. 'याडी' तशीच होती.

यात आणखी एक गाठ आहे. वर्गणी देणाऱ्यांपैकी तांड्यातल्या एका मोठ्या माणसानं त्याला अडवलं होतं. म्हणे, हातभट्टीचं प्रकरण काढून टाक, समाजाची बदनामी होते, आमच्या पैशानं आमचीच लाज काय विकतोस? 'बलुतं' आलं तेव्हा दया पवारांनाही आपल्याच माणसांकडून असं ऐकावं लागलं होतं. आणि 'दीनबंधू'ची ती गोष्ट आठवते ना? वर्गणीवर छापलं म्हणजे लेखक मोकळा झाला, असं नसतं. शेठजीच्या जागी शेजारी येतो. पण मला वाटतं फरक आहे. शेठजी दारातून परत पाठवतो, शेजारी ओट्यावर बसून भांडतो. त्या दोघांत तीन दिवस भांडण झालं. प्रकरण राहिलं, आणि त्या म्हाताऱ्यानं दिलेले दहा रुपयेही परत घेतले नाहीत. यादीत त्यांचं नाव आहे. मी पुन्हा पाहून घेतलं.

2019 च्या जानेवारीत यवतमाळला पुन्हा संमेलन भरलं, 92 वं. अध्यक्ष अरुणा ढेरे. नयनतारा सहगल यांचं आमंत्रण मागे घेतल्यामुळे किती वादळ उठलं, ते तुम्ही वाचलं असेलच. शेवटी उद्घाटन केलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीनं. त्या बोलत होत्या तेव्हा मांडव गप्प होता. मी या वेळीही मागेच बसलो होतो. 1973 च्या मांडवात अशी बाई कुठे बसली असती, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. या वेळी पडला. पण हेही जाणवलं की मोठ्या मंचावर एक दिवस बोलावणं आलं तर ते तिथल्यांच्या मर्जीनं, आणि दुसऱ्या दिवशी मांडव सोडला जातो. यात्रेतली सतरंजी मात्र दरवर्षी पडते. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन बघा. रस्त्याच्या कडेला पुस्तकांची दुकानं, आणि दिवसभर उन्हात चालून आलेली माणसं, कनवटीची नोट काढून पुस्तक घेतात. काहींना तर वाचताही येत नसतं. "नातीसाठी घेतलं," म्हणतात.

असो. तर यादीत माझं नाव का नाही, ते सांगून झालं.

काल त्या विद्यार्थ्याला फोन केला. तोही आता निवृत्तीला आलाय. म्हटलं, दुसरी आवृत्ती काढ, खर्चाचं मी बघतो. हसला. म्हणाला, "सगळा खर्च नोको गुर्जी. मंग ते तुमचं पुस्तक होईन. दहा रुपये द्या, यादीत टाकतो."

सूनबाईंना सांगून ठेवलंय, ती चोपडी रद्दीत जाणार नाही. आणि मंडळी, तुमच्यापैकी कुणाला दहा रुपये द्यायचे असतील तर मला कळवा. त्याहून जास्त घेणार नाही, असं त्यानं बजावलंय.